'लय' गाळलेलं कार्ड

आमच्या घरात साधी भूक कधी कुणाला लागली नाही. लागली तर लय लागायची. ऊन पडायचं ते गजब, पाणी यायचं ते मोप, आणि शेजारच्या सगुणाबाईच्या म्हशीनं मांडवावरची एक काकडी ओढली तरी ते भल्लंच नुकसान असायचं. माझी माय बोलायला लागली की गावातल्या प्रत्येक वस्तूचं वजन दुप्पट व्हायचं. 'फार' हा शब्द आमच्याकडं पुस्तकापुरता होता. तोंडात होता तो 'लय', आणि तोही एकटा क्वचितच यायचा. लय लय तिखट, लय लय दूर, लय लय लय याद येते. मला वाटायचं सगळं जग असंच बोलतं.

गाव वैनगंगेपासून दोन कोसांवर. आता तिकडं गडचिरोली जिल्हा म्हणतात, तेव्हा सगळा चांदाच होता. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, मागं भाजीपाल्याची बाडी आणि पडवीत धान कांडायची, पायानं दाबायची ढेकी. पहाटे त्या ढेकीच्या ठोक्यांनी मला जाग यायची. माय एका पायानं ती दाबत असायची आणि दुसरीकडं सगुणाबाईशी कुडापलीकडून मोठ्यानं बोलत असायची. जेवणात भात आणि लाखोळीची डाळ, कधी अंबाडीची भाजी, बाजाराच्या दिवशी सुकी मासळी. ती तव्यावर टाकली की अर्ध्या गावाला कळायचं आज कुणाकडं काय आहे. पिवळी लाखोळी मी आता चांद्याच्या बाजारातून आणते, शिजवते, आणि दर वेळी म्हणते की ती चव नाही. सून म्हणते, आई, डाळ तीच आहे, तुमची जीभ म्हातारी झाली. असेलही.

घरात आम्ही दोघीच. बाबा आलापल्लीच्या पलीकडं, सागाच्या कुपावर मुकादम होते. कूप म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. दिवाळी झाली की ते निघायचे आणि पावसाळ्यात तोड थांबली की परत यायचे, असा आमचा वर्षाचा हिशोब होता. त्या वर्षी पाऊस आला, रोवणी झाली, धान पोटरीत आलं, पण बाबा आले नाहीत. मायनं माझ्या हातून चार कार्डं लिहवून घेतली. उत्तर एकदाच आलं, 'लय काम आहे, येतो.' मग तेही नाही. सगुणाबाई कुडापलीकडून मायला काही तरी हळू सांगायची आणि मला पाहिलं की भोपळ्याच्या वेलाबद्दल बोलायला लागायची. मी काही अगदीच खुळी नव्हते. तिकडं अहेरीच्या बाजूला त्यांनी दुसरं घर मांडलं आहे, असं गावात बोलत होते. मला त्याचा अर्थ अर्धाच कळायचा. दुसरं घर म्हणजे दुसरी ढेकी, दुसरी चूल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढं यायचं, आणि त्या चुलीपुढं कोण बसलं आहे तिथवर माझी नजर पोचायची नाही.

त्याच सुमारास आमच्या शाळेत लिमये गुरुजी आले. पुण्याकडचे. धोतर इतकं पांढरं की आम्ही पोरं त्यांच्यापासून जरा लांबच बसायचो. त्यांनी 'आमची गाय' हा निबंध लिहायला सांगितला आणि माझी वही लाल पेन्सिलीनं भरून परत दिली. लय, खूब, गजब, भल्ली, जिथं जिथं म्हणून मी मायसारखी बोलले होते तिथं तिथं आडवी रेघ. मला उभं केलं. गाय खूप मोठी म्हणजे केवढी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लय मोठी. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. ते मला घेऊन दारापाशी गेले, तुमची गाय इथून आत येईल का, असं विचारलं. मी म्हटलं येईल, पण तिला मान वाकडी करावी लागेल, शिंग अडकतं. मग तेच लिही, ते म्हणाले. 'गोठ्यात शिरताना आमची गाय मान वाकडी करते.' बाकी सगळं खोड.

त्या एका वाक्याची मला भुरळ पडली. वाचलं की गाय दिसायची. मी घरी येऊन मायला शिकवायला लागले. माय म्हणाली लय थकली, की मी विचारायची, लय म्हणजे किती? तिनं पहिले दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मंग काय आता मिठाबिगर जेऊ? आणि माझ्या ताटात खरंच अळणी डाळ वाढली. गुरुजींच्या बोलण्यात 'अत्यंत' हा शब्द दर वाक्याला यायचा, हे माझ्या लक्षात आलं होतं. अत्यंत चुकीचं, अत्यंत घाणेरडं अक्षर, अत्यंत उकाडा. पण त्यांच्या तोंडचा तो शब्द शुद्ध होता, म्हणून मी तो मोजला नाही. पुढं मी स्वतः बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, दोन हजार तरी 'खूप' खोडले असतील, आणि नात मोबाईलवर 'आजी, खूप खूप खूप मिस यू' असं पाठवते तेव्हा त्यातला एकही खूप मला खोडवत नाही. का, ते मी सांगू शकत नाही. सांगायचा प्रयत्न करते आहे.

कार्तिकात मायला थंडीताप आला. दुपारी हुडहुडी भरायची, अंगावर दोन वाकळा टाकून मी वर बसायची तरी खाट हलायची. बांधीत धान पिवळं होऊन वाकलं होतं. कापणीला माणूस हवा होता आणि तापात पडलेल्या बाईला नवरा हवा होता, हे मला त्या वयातही दिसत होतं. एका दुपारी ताप जरा उतरल्यावर मायनं मला कार्ड आणायला लावलं आणि डोळे मिटून सांगायला लागली. मी लय लय बिमार आहो. लय ताप येते. अंगात लय कसर आहे. धान लय पिकलं. पोरगी लय रडते. लय लय लय याद येते. आता लय झालं, येऊन जा जी.

मी पेन्सिल धरून बसले होते. अशीच चार कार्डं गेली होती आणि त्यांनी काही झालं नव्हतं. माझ्या डोक्यात गुरुजी होते. ज्या शब्दांनी माणूस हलत नाही ते शब्द काय कामाचे? मी लिहिलं, 'आई आजारी आहे. तुम्ही या.' धानाचं लिहिणार होते, पण आईपुढं धान कशाला, म्हणून तेही सोडलं. मी रडते हे तर मी अजिबात लिहिलं नाही, कारण मी रडत नव्हते. मायनं वाचून दाखव म्हटलं तेव्हा मी कार्डाकडं पाहत तिचंच बोलणं तिला पाठ म्हणून दाखवलं, सगळ्या लयांसकट. एक दोन मी पदरचेही घातले. ती समाधानानं कूस बदलून झोपली. मी तिला आयुष्यात ठरवून सांगितलेलं ते पहिलं खोटं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट आपण काही तरी फार हुशारीचं केलं आहे असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी डाकपेटीत टाकण्याआधी मी ते कार्ड गुरुजींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. लाल पेन्सिल त्यांच्या कानावर होती, तिला त्यांनी हात लावला नाही. यातून आता एकही शब्द काढता येणार नाही, असं म्हणून त्यांनी कार्ड परत दिलं. मी शाळेपासून डाकपेटीपर्यंत पळत गेले.

मायचा ताप मग दवाखान्यातल्या कोयनेलच्या गोळ्यांनी हळूहळू मोडला. कानात घूं घूं होते म्हणायची, तोंड कडू झालं म्हणायची, पण उठून बसायला लागली. कार्ड टाकल्याच्या आठव्या दिवशी सकाळी तिनं न्हाणं केलं आणि दुपारी अंगणातल्या उन्हात ताट घेऊन बसली. सगुणाबाईनं दिलेल्या नव्या तांदळाचा मऊ भात आणि डाळ. इतक्या दिवसांनी तिला अन्न गोड लागत होतं. लय गोड लागून राह्यलं व, असं ती सगुणाबाईला सांगत होती, तेवढ्यात गावाच्या वेशीकडून रडणं ऐकू आलं.

पुरुषाचं रडणं होतं. मोठ्यानं, ऊर बडवत येणारं. आमच्याकडची रीत अशी की रडणं कानावर आलं की घरातल्या बाईनं हातातलं टाकून बाहेर यायचं आणि त्यात आपला गळा मिळवायचा. कोण गेलं ते मागाहून विचारायचं. सगुणाबाई कुडावरूनच सुरू झाली. समोरच्या घरातल्या दोघी आल्या. मायनं ताट बाजूला सारलं, हात लुगड्याला पुसला, डोक्यावर पदर घेतला आणि तीही रडत रडत गल्लीत निघाली. मी तिच्या मागं. त्या रडण्यात शब्द होते, 'माह्या पोरीची माय गेली व', आणि ते ऐकून माय आणखीच मोठ्यानं रडली. कुणाची तरी पोर पोरकी झाली म्हणून तिचा जीव तुटला.

वळणावर बाबा दिसले. धुळीनं भरलेले, पायात काही नाही, बगलेत कापडाची एक गुंडाळी. त्यांना दोन्हीकडून धरून त्यांच्याबरोबर कुपावर कामाला असलेले चुलतकाका आणि तिथलाच आणखी एक माणूस. बायकांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढं माय होती, तोंडावर पदर घेऊन रडणारी. बाबांनी तिला ओळखलं नाही. त्यांनी तिच्याकडंच पाहून विचारलं, 'उचललं का जी? माह्यासाठी थांबले नाई का?' मायनं पदर बाजूला केला.

पुढचं मला नीट लावता येत नाही. बाबा मटकन खाली बसले एवढं आठवतं. सगुणाबाई रडायची थांबली नव्हती, कारण ती मागं होती आणि तिला काही दिसत नव्हतं. काका मायच्या पायांकडं पाहत होते, पाय सरळ आहेत की उलटे. कुणी तरी हसलं, आणि मग सगळं गावच हसायला लागलं. माय एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहत होती. कोण मेलं, असं ती विचारत होती, आणि तिला कुणी सांगत नव्हतं.

सांगितलं ते काकांनी, आमच्या पडवीत पाणी पिताना. कुपावर टपाल आलं की मुन्शी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. दर कार्डात लय बिमार, लय तकलीफ, लय याद. ऐकून माणसं खूष व्हायची, बिड्या पेटवायची. घरचं सारं जागच्या जागी आहे म्हणायची. पण कुणी दगावलं की ते कार्डात लिहीत नसत. शेजारचा कुणी तरी लिहायचा, बिमार आहे, या. बस. ना लय, ना खूब, ना याद. मेलेल्या माणसाबद्दल वाढवून काय लिहायचं? असं कार्ड आलं की मुन्शी ते वाचून झाल्यावर बोलतच नसे. त्या दिवशी आमचं कार्ड वाचून तो गप्प झाला. कुणी तरी म्हणालं, मौतीच्या कार्डाचा कोपरा फाडलेला असते, याचा कोपरा शाबूत आहे. त्यावर बाबा म्हणाले, पोरीनं लिवलं, तिले काय मालूम कोपरा फाडतात म्हून. आणि तसेच निघाले, दोन दिवसांत इथवर आले. अर्धा रस्ता सागाच्या गाडीवर, अर्धा पायी.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ढेकीच्या मागं जाऊन उभी राहिले. मला शाबासकी मिळायला हवी होती की मार, हे मला कळत नव्हतं. चार लयदार कार्डांनी जे झालं नाही ते माझ्या दोन वाक्यांनी झालं होतं. बाबा घरात बसले होते. आणि बाबा घरात बसले होते ते माझी माय मेली म्हणून.

बाबांच्या बगलेतली गुंडाळी काकांनी सोडली. हिरवं कोरं लुगडं आणि हिरव्या बांगड्या. अहेव गेलेल्या बाईच्या दहाव्याला लागतं म्हणून बाबांनी वाटेत घेतलं होतं. त्याआधी त्यांनी मायसाठी लुगडं आणलेलं मला आठवत नाही. लुगडी माय आपली आपणच बाजारातून आणायची. आता ते तिथं मध्येच पडलं होतं आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

पाहुणे उठून गेल्यावर मायनं बाबांना वाढलं. आपलं टाकलेलं ताट तिनं पुन्हा घेतलं, भात गार झाला होता. मग ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, 'मेली त दोन दिवसात आले. जिती होती त वरीसभर नाई आले. काऊन जी?'

बाबा घास हातात धरून बसले. दुसऱ्या घराचं ते काही सांगतील असं मला वाटलं. ते म्हणाले, 'तुह्या कारडात लय लय रायते. ते ऐकलं का मले वाटे, आहे तिकडं, बोलून राह्यली, चांगली आहे. या खेपेले लय नाई ऐकू आला.' ते रडले, आणि या वेळी आवाज न करता.

'मंग जितेपणी बलवाचं असन तर कोन्या शब्दानं बलवू?' माय म्हणाली.

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. तो शब्द मलाही येत नव्हता, आणि त्या घरात लिहितावाचता येणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी माय तेच हिरवं लुगडं नेसून धान कापायला गेली. सगुणाबाईनं अपशकुन अपशकुन म्हणून कपाळ बडवलं. मेलेलीचं जितीनं नेसू नाई, असं तिचं म्हणणं. माय म्हणाली, मेली कोन ते त सांग. आणि विळा घेऊन चालायला लागली. मी गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. पत्र अचूक होतं, असं ते म्हणाले. मग म्हणाले, हे अत्यंत विचित्र आहे. माझ्या पुढच्या निबंधात दोन 'लय' राहिले होते, ते त्यांनी तसेच ठेवले. ते त्यांच्या नजरेतून सुटले की त्यांनी सोडले, तेही मला ठाऊक नाही.

बाबा चुरणी, म्हणजे धानाची मळणी, होईपर्यंत राहिले. धानाचे पुंजणे मोडले, कोठी भरली, आणि पौषात ते पुन्हा निघाले. जाताना मला म्हणाले, मायचं जसं असन तसं लिवत जाजो. मी मान हलवली. पण मायनं मला त्यानंतर एकदाही कार्ड आणायला सांगितलं नाही. मी आपण होऊन एक आणलं, पाटीवर ठेवलं, आणि माझी पेन्सिलच चालेना. लय लिहिलं तर ते बिडी पेटवून बसतील. नाही लिहिलं तर ऊर बडवत येतील. त्या दोहोंच्या मधलं काही मला येत नव्हतं. मायला विचारलं, काय लिवू? ती सूप पाखडत होती. म्हणाली, काई नोको लिवू.

हे तिनं रागानं केलं की समजून, हे मी पुढं तिला कितीदा तरी विचारलं. ती म्हातारी होऊन माझ्याकडं चांद्याला राहायला आली तेव्हाही विचारलं. दर वेळी तिनं वेगळं सांगितलं. अहेरीकडच्या त्या घराचं खरं काय होतं तेही मला कधी कळलं नाही. बाबांनी सांगितलं नाही, मायनं विचारलेलं मी ऐकलं नाही. मी बत्तीस वर्षं पोरांना शब्द नेमके वापरायला शिकवलं, आणि माझ्याच घरात कोणता शब्द कुणाला हलवतो याचा मला पत्ता नव्हता.

फागुन लागला. तोड जोरात असते तेव्हा कूप सोडून मुकादम घरी येत नसतो. एका सकाळी मी आणि माय चुलीपुढं बसलो होतो, भाकर तव्यावर होती. अंगणात पावलं वाजली आणि थांबली. दाराच्या फटीतून मला बाबांचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत धूळ. ते आत येत नव्हते. रडत नव्हते, हाकही मारत नव्हते. पौषापासून त्यांना घरचं काही कळलेलं नव्हतं. बाहेरून त्यांचा आवाज आला, माझ्या नावानं. 'इंदू, माय आहे का व घरी?'

मी हो म्हणायला तोंड उघडलं तर मायनं माझं मनगट पकडलं. पिठाचा हात, घट्ट. तिनं तोंडावर बोट वगैरे काही ठेवलं नाही, नुसती चुलीकडं पाहत राहिली. तव्यावरची भाकर करपायला लागली तरी तिनं ती उलटली नाही. बाहेर पावलं एकदा दाराकडं आली आणि पुन्हा मागं गेली. मला त्यांची कीव येत होती आणि मायची भीती वाटत होती, आणि दोघांपैकी कुणाच्या बाजूनं असावं ते मला समजत नव्हतं.

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नसे. बाबा तिला 'ऐकलं का' म्हणायचे, 'इंदूची माय' म्हणायचे. ती मेली समजून रडत आले तेव्हाही पोरीची माय गेली म्हणूनच रडले होते. त्या सकाळी अंगणात उभं राहून त्यांनी हाक मारली, 'जना.' नुसतं एवढंच. मला क्षणभर कळलंच नाही की हे कुणाला बोलावत आहेत.

मायनं माझं मनगट सोडलं.

'आहे जी,' ती म्हणाली.